डाव्या कोपरासाठी उजवा हात

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू घरी आलास तेव्हा वरणभात उजव्या हाताने जेवत होतास. आजीला केवढा आनंद झाला! लहानपणी तुझा डावा हात ताटात गेला की ती रागवायची ना. मीही कौतुकाने वाढत राहिले. कोपर दुखतंय म्हणून तू डावा हात मांडीवर ठेवलायस, हे तुझ्या आईला कळू नये? ते अजून मनाला लागून राहिलंय.

ऑपरेशनला तीन महिने झाले, तरी फोनवर तू ‘बरं आहे’च्या पुढे जात नाहीस. म्हणून ज्याच्या नावाने हे ऑपरेशन ओळखतात, त्या टॉमी जॉनविषयी मी वाचत बसले. तोही डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा. जुलै १९७४ मध्ये, त्या मोसमात १३ सामने जिंकून फक्त ३ हरलेला असताना, चेंडू टाकता टाकता त्याच्या डाव्या कोपरातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा, तुटलं. अशा दुखापतीनंतर तेव्हा पिचरचा खेळ संपायचाच. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातलं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून डाव्या कोपरात बसवलं. पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा वाकवलं की मधोमध दोरीसारखं उठतं, तेच हे टेंडन. काल मी माझ्या हातावर किती वेळ बघत होते. तुझ्या उजव्या मनगटावर आता तिथे छोटा व्रण आहे.

टॉमी जॉनला कोपरातून करंगळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा त्रास झाला, डिसेंबरात पुन्हा ऑपरेशन झालं. १९७६ मध्ये परतला तो पहिलाच सामना हरला. पुढे मात्र शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. ऑपरेशनआधी १२४ विजय, नंतर १६४! सगळे हेच आकडे सांगतात. मला मात्र त्याचं १९७५ चं वर्ष मोठं वाटतं. त्या वर्षी तो डॉजर्सकडून एकही सामना खेळला नाही, जिंकल्या-हरल्याचा आकडाच नाही. रोज हात थोडा थोडा सरळ करायचा, एवढंच.

तू आत्ता त्या वर्षात आहेस, राजा. घाई करू नकोस. आणि रविवारी फोन करशील तेव्हा करंगळीला मुंग्या येतात का, चमचा कुठल्या हातात धरतोस, सगळं सांग. मी ऐकायला बसलेली असेन.

तुझी,
आई