बँकेच्या इंटरव्ह्यूला निघालेल्या लेकीला

प्रिय सोनू,

पीओच्या, म्हणजे बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या इंटरव्ह्यूचं कॉल लेटर आल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा बाजूला आमच्या बचत गटाची मीटिंग चालू होती, नीट बोलताच आलं नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतेय, सावकाश वाच.

प्रीलिम झाली, मेन्स निघाली, आता १०० मार्कांचा इंटरव्ह्यू राहिलाय आणि शेवटच्या लिस्टला मेन्सचं वजन ८० टक्के आणि ह्याचं २० टक्के, हे तूच मला सांगितलेलंस. म्हणजे अवघड ते झालंय गं. तरी तुझ्या आवाजावरनं कळतंय मला, बाकीची पोरं पुण्यात क्लास लावून, मॉक इंटरव्ह्यू देऊन येणार आणि आपण सांगोल्याकडच्या खेड्यातनं, हेच डोक्यात बसलंय तुझ्या. पण खेड्यातली आहेस म्हणूनच तुझ्याकडं सांगण्यासारखं जास्त आहे.

बँकेचं पुस्तक हातात घ्यायच्या आधी तू बँक घरात बघितलीयस. शाळेत असल्यापासून गटाचं प्रोसिडिंग तू लिहायचीस, कुणी किती बचत टाकली, कुणाला अंतर्गत कर्ज दिलं, कुणाचा हप्ता राहिला. नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेनं, १९९२ ला गट बँकेला जोडायला सुरुवात केली हे सगळेच पाठ करून येतील, पण तारण नसताना बायका कर्ज का फेडतात हे विचारलं तर तू सांगू शकतेस, कारण एकीनं थकवलं की पुढचं कर्ज सगळ्यांचंच अडतं आणि मग बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात, हे तू डोळ्यानं बघितलंयस. ते सांग, साध्या शब्दात सांग.

तसंच एनपीएचं, म्हणजे थकीत धरलेल्या कर्जाचं. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, एवढं सगळे सांगतील. पीककर्जाला मात्र वेगळा नियम आहे, कमी मुदतीचं पीक असेल तर दोन हंगाम आणि जास्त मुदतीचं असेल तर एक हंगाम थकल्यावर एनपीए होतं, आणि असं का तर शेतकऱ्याच्या हातात पैसा महिन्याला येत नाही, माल निघाल्यावर येतो. डाळिंबावर तेल्या रोग आला की काय होतं ते तुला कुणी शिकवायला नको, आपल्याकडं लोकांनी बागा काढून टाकल्यात. ३ लाखापर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यानं, वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, आणि उरलेलं व्याज आपल्या राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतनं, म्हणजे शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं, हा हिशोब तोंडपाठ ठेव, तू ॲग्रीची म्हटल्यावर विचारणारच.

आणि ॲग्री केलंय तर स्पेशालिस्ट ऑफिसरच्या परीक्षेतनं ॲग्रीकल्चर फील्ड ऑफिसर का नाही, पीओ कशाला, हा प्रश्न तर येणारच असं धरून चाल. ह्याला पगार, सिक्युरिटी असलं काही बोलू नको. तुला सगळी ब्रांच शिकायचीय, शेतीकर्ज तर येतंच पण गावातला दुकानदार, पेन्शनवाले, शाळेतली पोरं सगळ्यांचं काम करायचंय, हे तू मला कितीदा बोललीयस, तेच बोल, खरं आहे ते.

जिल्ह्याचं विचारतात म्हणे. लीड बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी, ती बँक ऑफ इंडिया, आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर, सोलापूरचं डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, मात्र आदल्या दिवशी बघूनच जा, तो बदलत असतो.

एक प्रसंग मी सांगते, त्याचं उत्तर मनात तयार कर. समज तू ऑफिसर आहेस, म्हातारी पेन्शनला आलीय, आयुष्यभर खुरपणी करून बोटाच्या रेषा झिजल्यात, अंगठा मशीनवर लागत नाही आणि मागं लाईन लागलीय, तर काय करशील? उद्या या म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत. तिचं भाडं जातं, दिवस बुडतो. तिला बसवून, ओळख पटवून, स्लिपवर पैसे कसे देता येतील हे बघणारा ऑफिसर आम्हाला पाहिजे असतो. असं काही विचारलं तर नियम तर सांगच, पण ती म्हातारी डोळ्यासमोर ठेवून सांग.

येत नसेल तर सरळ माहीत नाही सर म्हण, ठोकून देऊ नको, समोर आयुष्य बँकेत घालवलेली माणसं असतात, लगेच पकडतात. इंग्लिश अडलं तर परवानगी घेऊन हिंदीत बोल.

कागदपत्रं आजच बघ. नॉन क्रिमीलेयर सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं, राज्याचं चालत नाही, आणि कॉल लेटरवर सांगितलेल्या मुदतीतलं आहे ना ते तपास. ओरिजिनल एका फाईलला, झेरॉक्स दुसऱ्या फाईलला. ड्रेस म्हणशील तर तो निळा कॉटनचा चांगला दिसतो तुला, नवीन घेत बसू नको.

शेवटचं, भारतात कुठंही पोस्टिंग चालेल का विचारतील. आमच्याकडं बघून अडखळू नको. पप्पांशी माझं बोलणं झालंय, आसाम म्हटले तरी आम्ही येऊन तुझी खोली लावून देऊ. हो म्हण आणि मोकळी हो.

तुझी आई