ताई, आधी त्या शिवीबद्दल

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते चालणार नाही. रे रोडच्या पुलाखाली ज्यांना कळायचं त्यांना ‘चष्म्याच्या डब्यावाली ताई’ एवढं पुरतं.

आधी माफी. शुद्धीवर आल्या आल्या मी तुम्हाला आईवरून शिवी घातली म्हणे. मला आठवत नाही, पण घातली असणार. अंगात एकदम टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, भरली होती, नाक गळतंय, पोटात पीळ पडतोय, आणि समोर तुम्ही रिकामी सिरिंज घेऊन. वाटलं, ह्या बाईने माझी नशा उतरवली. आपला श्वास बंद पडत आला होता हे मला कुठे माहीत!

त्याच दिवशी मी तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात काढून मुंबईत परतलो होतो. घर लालबागला, पण पाय आधी पुलाखाली वळले. केंद्रात जायच्या आधी घ्यायचो तेवढाच गर्द, म्हणजे आमचं हेरॉइन, घेतला, वर दोन बटणं, म्हणजे झोपेच्या गोळ्या. केंद्रात प्रार्थना होती, समुपदेशन होतं, सकाळची कवायत होती. पण सुटताना ‘आता तुझ्या अंगाची सवय गेली, जुना डोस तुला मारेल’ हे एक वाक्य कोणी बोललं नाही. बोललो तर पोरगा परत घेईल, अशी त्यांना भीती असावी. न बोलताही मी घेतलीच.

पोरांनी येत होतं ते केलं. थोबाडीत मारल्या, बादलीभर पाणी ओतलं. एकजण मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन भरत होता. आमच्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेला इलाज तो, कोणाला त्याने वाचवलेलं मी तरी पाहिलं नाही. दोघं पळाले. त्यांच्यावर माझा राग नाही. मेलेल्या गर्दुल्ल्याशेजारी सापडलं तर पोलीस चौकीत काय होतं ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. तिसऱ्याने तुम्हाला फोन लावला.

पुढचं त्याच्याकडूनच ऐकलंय. मी घोरत होतो, म्हणून पोरं निर्धास्त झाली होती, की झोपलाय. तुम्ही म्हणालात, “हे घोरणं नाही, गुदमरतोय तो.” ओठ जांभळं खाल्ल्यासारखे, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. तुम्ही पर्समधून चष्म्याचा डबा काढलात. आत कापसात गुंडाळलेली नॅलोक्सोनची, गर्दचा अंमल उतरवणाऱ्या औषधाची, बारकी काचेची कुपी. ओढणीच्या टोकात धरून तिची मान मोडलीत आणि पँटवरूनच सुई मांडीत. मग माझ्या तोंडाला तोंड लावून श्वास दिलात. आंघोळ केलेली नव्हती हो मी, ताई.

आणि मी शिवी दिल्यावरही तुम्ही गेला नाहीत. ते इंजेक्शन अर्धा-पाऊण तास टिकतं, फार तर दीड तास. गर्दचा अंमल त्याहून लांब चालू शकतो, माणूस उठून बसतो आणि पुन्हा बुडतो. शिवाय बटणांवर ते चालतच नाही. म्हणून तुम्ही १०८ला फोन केलात, आणि गाडी येईपर्यंत पुठ्ठ्यावर बसून, मनगटावरचं घड्याळ बघत माझे श्वास मोजलेत. कॅज्युअल्टीत ‘गर्दुल्ला’ म्हटल्यावर माझं स्ट्रेचर भिंतीकडे सरकलं, तेव्हाही मोजत होतात.

पण जीव वाचवला एवढ्यासाठीच हे पत्र नाही. तुम्ही आम्हाला विचारता, त्यासाठी आहे. दर मंगळवारी वही काढून, “माल कसा आहे सध्या? रंग बदललाय? कोणी पडलं का?” आम्हाला आजवर सगळ्यांनी नुसतं सांगितलंय. विचारलं असेल ते पोलिसांनी, तेही माल कुठून आणला एवढंच.

2018च्या डिसेंबरात वाकोल्याला शंभर किलो फेंटानिल पकडल्याची बातमी आली. तुम्ही सांगितलंत, हेरॉइनच्या पन्नासपट जोर. त्यावरून आमच्यात जुंपली होती, आठवतंय? एकजण म्हणाला, “मस्तच, एका पुडीत चार दिवस जातील.” म्हातारा म्हणाला, “चार दिवस नाही, चार खांदे.” बाकीच्यांचं म्हणणं होतं की आपल्या पावडरीत कोण एवढी महाग चीज घालतंय. तुम्ही कोणालाच खोडलं नाहीत. खिचडीत मीठ नीट कालवलं नाही तर एकाला अळणी लागते आणि दुसऱ्याच्या घासात खडा येतो, तुम्ही म्हणालात. जोरदार पावडर मिसळली की तसंच, फक्त तो खडा थुंकता येत नाही. ते डोक्यात बसलं.

मग विचारलंत, ट्रामाडॉल कोणी कोणी खाल्लंय? जवळजवळ सगळे हात वर. “तेही फेंटानिलसारखं सिंथेटिकच, कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं.” सगळे गप्प. आम्हाला वाटायचं सिंथेटिक म्हणजे तिकडे अमेरिकेत माणसं मरतात ते काहीतरी. ती पट्टी आम्ही पाठदुखीची गोळी म्हणून खात होतो. 2018च्या एप्रिलात ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आली आणि मिळेनाशी झाली, तेव्हा आमच्यातलं कोणी सुधारलं नाही. जे हाताला लागलं त्यावर गेले, आणि त्याचा जोर कोणाला माहीत नव्हता. माझ्या दोन दोस्तांचा हिशोब तिथेच चुकला. तुम्ही वहीत लिहून घेतलंत तेव्हा तुमचं पेन थांबलं होतं. मी पाहिलं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच म्हटलंय की ओव्हरडोसच्या वेळी जवळ असण्याची शक्यता असलेल्यांच्या हातात नॅलोक्सोन असावं. जवळ आम्हीच असतो, दुसरं कोण असणार? पण आमच्या खिशात ती कुपी नाही, तुमच्या पर्समध्ये आहे, आणि तुम्ही राहता डोंबिवलीला. रात्री अकराला कोणी पडलं तर मध्य रेल्वेचं टाइमटेबल बघायचं का?

मी आता रोज सकाळी केंद्रावर जाऊन ब्युप्रेनॉर्फिन, गर्दची तलफ दाबणारी गोळी, जिभेखाली ठेवतो. अधूनमधून घसरलोय, तुम्हाला माहीत आहे. एकट्याने मात्र घेतली नाही, आणि बटणं सोडली. पुलाखालच्या नव्या पोरांना श्वास मोजायला शिकवलंय. मिनिटाला दहाच्या खाली गेला की कुशीवर वळवायचं, १०८ लावायचा, पळायचं नाही. मिठाच्या पाण्याची सिरिंज मी स्वतः गटारात टाकली.

तुमचा चष्म्याचा डबा त्या दिवसापासून माझ्याकडेच आहे, ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या पिशवीत आला. बिजागरी सैल झाली होती, लालबागच्या घड्याळवाल्याकडून बसवून घेतली. आत नवा कापूस घातलाय. मंगळवारी आणतो.

तुमचा,
पुलाखालचा तो शिवीवाला