पावसाळाभर इकडे या

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर काही बोलायला जावं तर तुमचं "आम्ही बरे आहोत गं, तू गाडी पकड" सुरू होतं, आणि मी खरंच गाडी पकडते. म्हणून लिहायला बसले. बाबा, रागावून पत्र अर्धवट ठेवायचं नाही. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर तुमच्यासाठी वन रूम किचन भाड्याने घेतलंय. अनामत भरली, चावी माझ्याकडे आहे.

मुलीच्या घरी किती दिवस राहायचं, हे तुमचं वाक्य पाठ आहे मला, म्हणूनच जागा वेगळी. भाडं तुमच्या पेन्शनमधून द्या, मी नको म्हणणार नाही. कल्पना सुनीलची. दार वेगळं, बेल वेगळी. बेल न वाजवता आजोबांकडे घुसायचं नाही, असं ईशानला बजावलंय. (तो ऐकणार नाही.)

चिपळूण सोडा असं कोण म्हणतंय? फक्त पाऊस इकडे काढा. गणपतीला आपण सगळे घरी, मूर्ती नेहमीच्याच पाटावर. पण 22 जुलै 2021 ला तुम्ही दोघं माळ्यावर होता, फोन लागत नव्हता, आणि मी टीव्हीवरच्या वाशिष्ठीच्या पुराच्या पाण्यात आपली गल्ली शोधत होते. तो दिवस पुन्हा नको. 2005 च्या पुरात बाबांनी एकट्याने कपाट वर चढवलं होतं, मान्य. आता त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि आईचा गुडघा तिसऱ्या पायरीला कुरकुरतो. माळ्याची शिडी कुणी चढायची?

आणि बाबा, न येण्याचं खरं कारण मुलीचं घर नाहीच, हे आईने मला सांगितलं. अण्णाकाकांचं पाहिल्यापासून तुम्ही शहरातल्या रुग्णालयांचा धसका घेतलाय. तुमचा तो कागद आईने पाठवला. लाल शाईचा समास आखलेला, अक्षर थोडं थरथरलेलं, तरी एक वेलांटी चुकलेली नाही. "मला श्वासाच्या यंत्रावर ठेवू नये." 'नये'खाली दोन रेघा. दिवसभर तो पर्समध्ये घेऊन फिरले, दुसऱ्यांदा उघडायचा धीर झाला नाही. मग वकिलांकडे गेले.

तर ऐका. सर्वोच्च न्यायालयाने असा कागद करायला 2018 मध्येच परवानगी दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर तुमची सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. आपल्या वतीने बोलणारी माणसं एकाहून अधिक नेमता येतात. मी माझं नाव घातलंय आणि दादाचंही. तो बराच वेळ गप्प होता, मग "घाल" म्हणाला. मसुदा तयार आहे, इथे आलात की सही. तुमची दोन रेघांची ओळ तशीच ठेवलीय.

आई, तू घाबरू नकोस. साधा न्यूमोनिया झाला तर उपचार होणारच, गरज पडली तर मी भांडून करून घेईन. माणूस स्वतः सांगू शकत नाही आणि बरं होण्याची आशाही उरलेली नाही, तेव्हाच हा कागद बाहेर निघतो. तेव्हाही आधी रुग्णालयातले तीन डॉक्टर बघतात, मग वेगळे तीन. उद्या कुणी उठून नळी काढली, असं होत नाही. आणि सही केली म्हणजे बाबा निघाले असंही नाही, त्यांना अजून ईशानचं गणित सुधारायचंय.

जागा छान आहे. मोरीत धरायला दांड्या बसवल्या, कमोड आहे, खिडकीत उन्हं येतात. गिरणी खालीच. पेपर साडेसहाला दारात पडेल. उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ भरून ठेवते.

बाबा, वीज गेली की पडवीत मला मांडीवर घेऊन तुम्ही पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे म्हणायचात. दिडकीच्या आत मी झोपलेली असायचे. आता लोकलमध्ये दांडा धरून उभ्याउभ्या डुलकी लागते तेव्हा कधीकधी तोच सूर कानात येतो, आणि वाटतं, हा आवाज मी किती दिवस नीट ऐकलाच नाहीये. रोज दीड मिनिट ऐकते, तेही फलाटावरच्या घोषणांमधून. एका इमारतीत असलो तर रात्री जेवण झाल्यावर खाली येऊन नुसती बसेन. माझ्यासाठी या, असंच समजा.

पावसाळी वेळापत्रक लागायच्या आधीचं मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढतेय, दोन्ही लोअर बर्थ. ठाण्याला सुनील न्यायला येईल. तोवर मागीलदारच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर बाबांनी पाऊल टाकायचं नाही, नारळ पडला तर पडू दे. गोळ्यांचा डबा आईने भरायचा, बाबांनी नाही. जुने रिपोर्ट फाईलसकट आणा. घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्या, त्यांच्याशी मी बोललेय. आई, बरण्या आणू नकोस. आमसुलं आणि फणसाची साटं तेवढी आण. पाटा-वरवंटा आणायचा विषयसुद्धा काढू नकोस, मिक्सर आहे.

तुमची,
मनू