आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : माझ्या आजाराचा फॉर्म कुठे मिळतो?

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नैराश्याच्या रुग्णाने वैद्याच्या चिठ्ठीवर घेतलेले विजया तेल (भांगेच्या पानांचे आयुर्वेदिक औषध) जवळ बाळगण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, निराधार योजना असे लोकांचे अर्ज गेली एकोणीस वर्षं मीच भरतोय. कोण कशाला पात्र आणि कोणाला कोणता कागद कमी पडतोय, हे माणूस पायरी चढतानाच मला कळतं. आपला अमूल्य वेळ घेतोय याची जाणीव आहे, पण मंगळवारी जे घडलं त्यानंतर गप्प बसवेना.

पुण्याहून परत येत होतो. नाक्यावर गाडी थांबवून बॅगा उघडल्या. माझ्या बॅगेत तीस मिलीची काळी काचेची बाटली होती आणि लेबलावर पानाचं चित्र. हवालदाराने झाकण फिरवलं, ड्रॉपर नाकाशी धरला आणि साहेबांना हाक मारली, "गांजाचं तेल सापडलं!" मी चिठ्ठी दाखवली, बिल दाखवलं. साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट केली. "पेशंट कशाचा?" नैराश्याचा म्हटलं. पुढचं वाक्य जसंच्या तसं लिहितो : "हे काय दुखणं झालं? आम्हाला पण रोजच नैराश्य येतंय की." सगळे हसले, गाडीतले दोघंतिघंसुद्धा. गाडी पुढं गेली, मी तीन तास बाकावर. सोडताना बाटली ठेवून घेतली. पंचनामा नाही, पावती नाही. आमच्या दुकानात दोन रुपयांच्या झेरॉक्सचीही मागितली तर पावती मिळते.

आता माझं 'दुखणं' ऐका. अकरा वर्षं झाली. गोळ्यांत एस्सिटालोप्राम झालं, व्हेन्लाफॅक्सिन झालं, मिर्टाझापिनने सोळा किलो वजन वाढलं. मग लिथियम. त्याने बोटं थरथरायला लागली, आणि माझं पोट टायपिंगवर. 'अर्जदार' लिहायला जावं तर 'अअर्जजदार' उमटायचं. सहा शॉक घेतले, त्यात मुलीच्या दहावीच्या निकालाचा दिवस डोक्यातून पुसला गेला तो गेलाच. बायकोने दोन वर्षं माझ्या उशाशी खुर्ची टाकून रात्री काढल्या. का, ते लिहीत नाही. उन्हाळ्यात शटर उघडायला हात उठेना म्हणून तिनेच दुकान चालवलं आणि लोकांना सांगितलं, यांना कावीळ झालीय. कावीळ सांगता येते, साहेब.

एका वैद्यांनी विजया सुचवली. रात्री जिभेखाली सहा थेंब. चमत्कार वगैरे काही झाला नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण सलग चार तास झोप लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी कुणी न सांगता उठून दाढी केली. बायको आरशात माझ्यामागे उभी राहून बघत होती. एवढंच.

भांगेने नैराश्य जातं असं सिद्ध झालंय, असं मी म्हणत नाही. पुरावा तोकडा आहे. कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्यांचं डोकं उलट बिघडण्याची भीती असते, हे माझे मानसोपचारतज्ज्ञच सांगतात, आणि मला ते पटतं. म्हणूनच म्हणतो, हा निर्णय डॉक्टरने घ्यावा, नाक्यावरच्या नाकाने नव्हे.

बाटलीसाठी मी फिरलो. सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाले म्हणाले, हे आयुर्वेदाचं, आयुषला विचारा. तिथून अन्न व औषधकडे, तिथून उत्पादन शुल्ककडे, आणि तिथल्या बाईंनी मला मोठ्या मायेने परत दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. एकानेही "तुम्ही पात्र नाही" असं लिहून दिलं नाही. ते दिलं असतं तर निदान अपील तरी टाईप केलं असतं!

औषध कायद्याखालच्या नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये भांगेचं नाव आहे, वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचं औषध म्हणून. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, नुसतं पान त्यात धरलेलं नाही. माझं तेल पानाचं. हे मला, बारावी पास माणसाला, कळतं. नाक्यावर का कळू नये?

आणि दारू? 1949 चा आपला दारूबंदी कायदा, त्याच्यावर परवाना. देशीला एका दिवसाचे दोन रुपये, विदेशीला पाच, आणि हजार भरले की जन्मभर प्या. त्यासाठी तर गल्लोगल्ली परमिट रूम! माझा बाप त्या परवान्यावरच गेला. त्याला कुणी विचारलं नाही, पेशंट कशाचा?

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीत आहे. तिथं औषध म्हणून भांग घ्यायला जे कार्ड लागतं, त्यासाठी आजारांची छापील यादी असते. 2018 मध्ये तिच्यात 'चिंता' हा आजार आला आणि त्याला कार्ड मिळालं. नैराश्य तिथल्या यादीतही नाही. म्हणजे तिथं गेलो तरी कार्डाला मी अपात्रच. पण निदान यादी आहे, नाही म्हणायला कुणीतरी आहे. इथं इंग्रजांनी 1893 मध्ये भांग-गांजावर आयोग नेमला, हजारावर साक्षी घेतल्या. 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं ठरलं, 27 विरुद्ध 25, आणि आपल्या भारताने बाजूने मत दिलं. व्हिएन्नात हात वर, नाक्यावर हात पिरगळायचा!

निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या पाहणीत वीस प्रौढांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य, आणि त्यातल्या शंभरात ऐंशीहून अधिक जणांना उपचारच नाहीत. राज्यातले प्रौढ नऊ कोटी धरा, वीसने भागा, पंचेचाळीस लाख. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर केलंय, चुकलं असेल तर खात्यातल्या कुणीतरी दुरुस्त करावं, तेवढंच काम होईल. पंचेचाळीस लाख लोक आणि प्रादेशिक मनोरुग्णालयं लहानपणापासून ऐकतोय तीच चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. 2017 चा कायदा म्हणतो मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क. छान टाईप केलाय, एकही चूक नाही.

मागणं फार नाही. दोन औषधं लागू पडली नाहीत तर मानसोपचारतज्ज्ञ आणि वैद्य या दोघांच्या सहीने पेशंटला विजया मिळेल, असा एक शासन निर्णय काढा. तो पोलीस ठाण्यांना पाठवा. आणि दर तीन महिन्यांनी आमची तपासणी करा. आमची खुशाल करा, आम्ही पळून जाणारे नाही, बिछान्यातून उठवत नाही तिथं पळणार कसले?

फॉर्मचा नमुना मी टाईप करून जोडला आहे. आजाराच्या रकान्यात 'नैराश्य' लिहिलंय, तेवढं कुणी खोडू नये.

आपला,
एक अर्जदार

ता. क. : बाटली निम्मी भरलेली होती. परत मिळणार नसेल तर निदान ड्रॉपर तरी द्यावा, तो वेगळा मिळत नाही.