दादाच्या नावाचा रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुमचं पत्र आणि ट्रस्टच्या घटनेचा मसुदा मिळाला. लहानपणीच गेलेल्या आपल्या दादाच्या नावाने ५ लाख बाजूला काढायचे, हे ठरलंच आहे. माझी हरकत आहे ती ट्रस्टला आणि रक्तदानाच्या '१०१ बाटल्यांच्या महाशिबिरा'ला.

ट्रस्टचं आधी, ते लवकर आटोपेल. १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, वेगळं पॅन, वेगळं खातं, दरवर्षी तपासलेला हिशेब. देणगीदारांना करसवलत द्यायची तर आयकराकडे आणखी अर्ज. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला येणार ३५ हजार, त्यातला मोठा वाटा कागदांनाच जायचा. घरगुती ट्रस्ट बुडतात ते चेंज रिपोर्टपायी. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तो द्यावा लागतो. एक विश्वस्त जातो, दुःखात कुणी कळवत नाही आणि चार वर्षांनी बँक सही बदलून द्यायला तयार होत नाही. मसुद्यात विश्वस्त कोण? तुम्ही, आई, काका आणि मी. चारांतले तीन सत्तरीच्या उंबऱ्यावर. रागावू नका, पण हे बोलायलाच हवं.

म्हणून ठेव तुम्हा दोघांच्या नावावरच राहू द्या, व्याज खर्च करा आणि पुढचं मृत्युपत्रात लिहा. गावातून वर्गणी घ्यायची नाही, पावतीपुस्तक छापायचं नाही. लोकांकडून पैसे नकोत, रक्त हवंय.

आता १०१ बाटल्या. (काचेची बाटली जाऊन किती वर्षं झाली, तरी आपण सगळे बाटलीच म्हणतो. रक्तपेढीत कामावर मीसुद्धा म्हणते.) लाल पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात, पेशी टिकवणाऱ्या जादा द्रावणाच्या पिशवीत ४२. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फक्त ५ दिवस. एकाच दिवशी गावभरची रक्तदानं उरकली की पेढीचं शीतकपाट भरतं आणि दीड महिन्याने रिकामं होतं. त्यातच, रक्त दिलेल्या पुरुषाला पुढचे ९० दिवस आणि बाईला १२० दिवस पुन्हा देता येत नाही. म्हणजे गावातले सगळे दाते एका रविवारी खर्ची पडले. थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मापासून अंगात पुरेसं हिमोग्लोबिन न बनणाऱ्या मुलाची गरज मात्र तारीख चुकवत नाही. दादाला दर ३ आठवड्यांनी रक्त लागायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

वर्षाचे ५२ आठवडे, ३ ने भागले की १७. एका वेळी एक पिशवी धरली तर एका लहान मुलाला वर्षाला १७ पिशव्या. वजन वाढेल तशा दोन-दोन. माझं म्हणणं असं: ३६ माणसांची यादी करा आणि प्रत्येकाला एक महिना नेमून द्या, महिन्याला तिघे. चैत्रात कोण, आषाढात कोण, हे आधीच ठरलेलं. वर्षाला ३६ पिशव्या, म्हणजे दोन मुलांची सोय आणि वर दोन शिल्लक. त्यांचं रक्त त्याच मुलांना जाईल असं नाही, गट जुळावा लागतो. ते पेढीच्या साठ्यात जातं आणि मुलांना साठ्यातून मिळतं. पेढीशी लेखी बोलून ठेवा, की या यादीच्या बदल्यात डे-केअरच्या (रुग्णालयात दिवसापुरतं येऊन रक्त घेणाऱ्या) मुलांना बदली रक्तदाता मागायचा नाही. सरकारी पेढीत या मुलांना प्रक्रियाशुल्क लागत नाही. त्रास होतो तो 'आधी माणूस आणा' याचाच.

यादीत मुलांचे आई-वडील, सख्खी भावंडं घेऊ नका. पुढेमागे मज्जारोपणाची वेळ आली तर तेच दाते ठरण्याची शक्यता असते, आणि त्यांचं रक्त आधी दिलेलं असलं तर शरीर त्यांच्या पेशी नाकारू शकतं.

शिबिर नको असं नाही. वर्षातून एक घ्या, ६० पिशव्यांचं, आणि ते मे महिन्यातच. कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, त्यामुळे तेव्हा खरा तुटवडा असतो. दादाची तिथी वैशाख वद्य पंचमी, म्हणजे तिथीही आपल्या बाजूने आहे. मात्र तिथीला न धरता तिच्या जवळचा रविवार धरा. आणि इथेच एक गोम आहे: पंचमीच्या आदल्या दिवशी संकष्टी. रविवार नेमका संकष्टीला आला तर अर्धं गाव चंद्रोदयापर्यंत उपाशी, आणि उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत. तसं झालं तर आधीचा रविवार घ्या, पुढचा बहुधा एकादशीला येतो. आई, हे तुझ्याकडे. दाते पंचांग घेऊन बस, आधी तारीख काढ, मग दाते.

शिबिर घर भरवत नाही, परवानाधारक रक्तपेढी भरवते. आपण यजमान. नियमाप्रमाणे ३ तासांत ५० ते ७० पिशव्या घ्यायच्या तर एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक आणि दोन मदतनीस लागतात. पेढी याहून कमी माणसं पाठवते म्हणाली तर दात्यांचा आकडा कमी करा, माणसं नव्हे. सकाळी ८ ला सुरू, ११ ला बंद. उन्हाचं एक कारण आहेच. दुसरं असं की प्लेटलेट वेगळ्या काढायच्या तर रक्त ६ ते ८ तासांत पेढीत पोचून यंत्रात फिरायला हवं. पाहुण्यांच्या भाषणांपायी दुपार झाली की एका पिशवीतून तीन रुग्णांऐवजी दोघांचीच सोय होते.

जागा शाळेचा हॉल. मंडप नको, मे महिन्यात पत्र्याखाली माणसं चक्कर येऊन पडतात. न थांबणारी वीज, हात धुवायला नळ, पाच खाटा, आणि खाटांपासून वेगळी खाण्याची जागा. प्रत्येकाला आत जाण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायला लावा, नुसतं विचारू नका, समोर पाजा. नंतर १५ मिनिटं बसवून ठेवा. चक्कर फक्त खाटेवरच येते असं नाही, उठून दुचाकीकडे जातानाही येते. खायला उपमा आणि कोकम सरबत मिठासकट. माणशी ६० रुपये धरले तरी ३,६०० त भागतं.

६० पिशव्या हव्यात तर ८०-८५ नावं लागतील, कारण बरेच परत पाठवले जातात. बायका बहुतेक हिमोग्लोबिनवर अडतात, १२.५ लागतं. चाचणी बघण्यासारखी असते: मोरचुदाचं निळं पाणी, घनता १.०५३ केलेलं, त्यात बोटाचा एक थेंब सोडायचा. १५ सेकंदांत तळाला गेला तर पास. मध्येच तरंगला किंवा वर आला तर नाही. परत पाठवलेल्या बाईला 'तुमचं रक्त चालत नाही' असं कुणी म्हणू नये. तिला लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी मिळेल, एवढं डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. वजन ४५ किलोच्या खाली, वर्षभरात टॅटू, तीन महिन्यांत मलेरिया, आदल्या रात्रीची दारू, हे सगळे घरी. हे निरोपातच लिहा, म्हणजे माणूस दारातून लाजून परतणार नाही.

आणि बाबा, पहिलं रक्तदान तुमचं होणार नाही. वय १८ ते ६५, आणि पहिल्यांदाच देणाऱ्याला ६० च्या आत. तुम्ही नोंदणीच्या टेबलावर बसा. दादाचा फोटोही तिथेच ठेवा, खाटांसमोर नको. हार घातलेलं लहान मूल समोर दिसलं की आजाराबद्दलच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायला लोक कचरतात. 'आता काय नाही म्हणायचं' असं होतं. हेल्मेट, बॅगा, डबे वाटायला माझा विरोध आहे तो यासाठीच. वस्तूसाठी आलेला माणूस कावीळ लपवतो. आम्ही पेढीत एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, गुप्तरोग, मलेरिया एवढं तपासतो, पण अगदी ताजी लागण चाचणीत सापडत नाही. दात्याचं खरं बोलणं हीच पहिली चाचणी. प्रमाणपत्र द्या, पुरे.

काकांचं म्हणणं होतं, त्याच दिवशी कॉलेजच्या मुलांची थॅलेसेमियाची तपासणीही करू. कल्पना चांगली, दिवस चुकीचा. आई आणि वडील दोघे वाहक (स्वतः आजारी नसले तरी आजाराचा दोष पुढे देऊ शकणारे) असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल आजारी होण्याची, त्यामुळे लग्नाआधी कळलेलं बरं, हे खरं. पण निकाल बंद पाकिटात, ज्याच्या त्याच्या हाती, समुपदेशक समोर बसून द्यायचा असतो. शिबिराच्या गर्दीत 'अमक्याची मुलगी वाहक' एवढं बाहेर पडलं की त्या मुलीचं लग्न अडतं, आणि वाहक असलेली मुलगी ठणठणीत असते हे कुणी ऐकत नाही. समुपदेशक मिळेपर्यंत थांबूया.

व्याजातून शिबिराचे १० हजार वजा जाता २५ हजार राहतात. ते डे-केअरमधल्या मुलांच्या रक्तगाळण्यांसाठी द्या. गाळणीने पांढऱ्या पेशी अडतात आणि रक्त चढवताना थंडी-ताप भरायचं प्रमाण बरंच कमी होतं. रोख रक्कम पालकांच्या हातात देऊ नका. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, गाळण्या त्यांच्याकडे पावती घेऊन जमा करा आणि कंपनी, मुदत तपासून घ्या. मुदत संपत आलेला माल दानात खपवायचा प्रयत्न दुकानदार करतात. पैसे उरले तर एसटीचं भाडं: दर ३ आठवड्यांनी एक माणूस रोज बुडवून मुलाला घेऊन येतो, त्याचं.

३६ नावांची वही आई लिहील. नाव, गट, फोन, नेमलेला महिना, शेवटच्या रक्तदानाची तारीख. एवढे पाच रकाने, जास्त नकोत. माझा गट ओ पॉझिटिव्ह, मला कार्तिक द्या; दिवाळीनंतर पेढ्या पुन्हा रिकाम्या असतात आणि मी तेव्हा घरी असते. शाळेच्या हॉलसाठी मुख्याध्यापकांना अर्ज फेब्रुवारीतच करा, उन्हाळ्यात लग्नाला देतात.

तुमची,
धाकटी