कृष्णविवर नुसते गिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णविवरावर काही छापून आले की मथळ्यात 'गिळंकृत' हा शब्द ठरलेलाच. मला तो खटकतो, कारण क्वेसारची, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे लखलखणाऱ्या दीर्घिकेच्या गाभ्याची, खरी ताकद दिसते ती त्याने बाहेर फेकलेल्या वायूत.

ताऱ्यासारखा ठिपका दिसणारा ३सी २७३ हा क्वेसार दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर आहे, हे खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखले. महाकाय कृष्णविवराकडे घरंगळणारा वायू तापून अख्ख्या दीर्घिकेला झाकोळून टाकतो आणि त्या प्रकाशाचाच रेटा भोवतालच्या वायूला बाहेर लोटतो.

हे कळते वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांनुसार वेगळा करून मिळणाऱ्या पट्ट्यावरून. त्यात ५००७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर ऑक्सिजनची एक हिरवी रेषा असते. शांत दीर्घिकेत ती सुईसारखी बारीक आणि सरळ. तेजस्वी क्वेसारमध्ये मात्र तिच्या बुंध्याशी निळ्या बाजूला एक पदर पसरलेला दिसतो. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश निळ्या बाजूला सरकतो, म्हणून हा पदर म्हणजे सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येणारा वायू! पलीकडे जाणारा वायू बऱ्याचदा दीर्घिकेच्या धुळीआड दडतो, म्हणून रेषा एकाच अंगाला कलते. एवढ्याशा तिरपेपणातून दीर्घिकेतले वादळ वाचता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पीडीएस ४५६ या क्वेसारच्या गाभ्यातला वारा तर प्रकाशाच्या २० ते ३० टक्के वेगाने सुटतो. तो जवळजवळ सर्व दिशांना वाहतो, हे २०१५ मध्ये दोन क्ष-किरण दुर्बिणींनी मिळून दाखवले. मार्केरियन २३१ या दीर्घिकेमधून दरवर्षी शेकडो सूर्यांच्या वस्तुमानाइतका थंड, रेणुरूप वायू बाहेर पडतो. नवे तारे घडतात ते अशाच वायूतून. तोच निघून गेला तर दीर्घिकेत तारे जन्मणार कसे? मोठ्या दीर्घिकांमधली ताऱ्यांची निर्मिती मंदावण्यामागे हे एक कारण असावे, असे बरेच खगोलशास्त्रज्ञ मानतात. मात्र चित्र एकरंगी नाही. बाहेर वाहणाऱ्या वायूतच तारे जन्मत असल्याचे एका दीर्घिकेत २०१७ मध्ये आढळले.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या वेळी काळ्या भोवऱ्याच्या कल्पनाचित्राशेजारी त्या कललेल्या रेषेचा खरा आलेखही छापावा. चार ओळींत समजावला तर शाळकरी मुलांनाही तो कळेल.

आपला,
एक आकाशप्रेमी वाचक