अडीचशे माणसांचं गाव 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या सगळ्यात दूरच्या गावावर, म्हणजे दक्षिण अटलांटिक महासागरातल्या, इंग्लंडच्या ताब्यातल्या ट्रिस्टन द कुन्हा बेटावर लेख आला तो वाचला. फोटो छान होते. पण लेख वाचून आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधे जी चर्चा झाली तिच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो. एकजण म्हणाले, अडीचशेच्या आत लोकसंख्या, विमान नाही, केपटाऊनहून बोटीनं सहासात दिवस लागतात, मग इंग्लंड सरकार काहून खर्च करून राहिलं त्यांच्यावर, सरळ उचलून आणावं न सगळ्यांना. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते फार लागलं, कारण हेच वाक्य मी गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या गावांबद्दल आयुष्यभर ऐकत आलोय.

तर सांगायचं हे की उचलून आणायचा प्रयोग त्या बेटावर होऊन गेलाय. १९६१ च्या ऑक्टोबरमधे गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला आणि सगळ्याच्या सगळ्या अडीचशेवर माणसांना बोटीनं इंग्लंडला नेलं. साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉटला हवाई दलाच्या रिकाम्या क्वार्टरमधे राहायची सोय झाली, नोकऱ्या मिळाल्या, वीज, टीव्ही, दुकानं, सगळं. तिकडच्या सर्दी-खोकल्याची त्यांच्या शरीराला सवय नव्हती, काही म्हातारी माणसं छातीच्या आजारानं गेली. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की बेट आता संपलं. लाव्ह्यानं मासळीचा कारखाना आणि बोटी लावायचा किनारा गिळला होता, पण घरं जवळजवळ सगळी शाबूत होती. मग लोकांनी मतदान घेतलं. परत जायच्या बाजूनं १४८, विरोधात ५. आणि १९६३ मधे बहुतेक सगळे परत गेलेसुद्धा. काही कुटुंबं पुढे पुन्हा इंग्लंडला आली हेही खरंय, ते लपवायचं कारण नाही, ज्याला जायचं तो जाईल. पण त्यांना कोणीतरी विचारलं, हे माझ्यासाठी मोठं आहे.

तुमच्या लेखात निसर्ग भरपूर होता, पण लोक खातात काय कमावतात काय यावर दोन ओळी होत्या, आणि खरी गोष्ट तिथंच आहे. त्या बेटाचं पोट क्रेफिशवर चालतं, आपण ज्याला लॉबस्टर म्हणतो तो. समुद्र रोज बोटी घालू देत नाही. सकाळी हवा बरी दिसली की गावात टांगलेलं जुनं गॅसचं सिलिंडर ठोकतात, तो आवाज आला की आज मासेमारीचा दिवस, मग पुरुष बोटी काढतात आणि संध्याकाळी माल आला की बाकीचे कारखान्यात कामाला लागतात. तो माल गोठवून अमेरिका-जपानपर्यंत जातो. किती पकडायचं याचा कोटा ठरलेला आहे आणि बेटाच्या सरकारचं बहुतेक उत्पन्न यातूनच येतं. जमीन कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही, सगळ्या गावाची. बाहेरच्या माणसाला तिथं जमीन विकत घेता येत नाही. गाईमेंढ्या किती पाळायच्या यावरसुद्धा घरटी मर्यादा, म्हणजे एकानं कळप वाढवून दुसऱ्याचं कुरण खाऊ नये. ही समानता आजची नाही, १८१७ मधे विल्यम ग्लास आणि त्याच्या सोबत्यांनी वस्ती केली तेव्हाच कागदावर लिहून ठेवलं होतं की इथं कोणी मोठा छोटा नाही. गावापासून थोडं दूर दगडी बांध घातलेली बटाट्याची वावरं आहेत, प्रत्येक घराची आपापली, आणि नोकरीवाला असो की कौन्सिलवाला, बटाटे लावायला सगळेच जातात.

आता हे वाचून मेंढा-लेखा आठवत नाही का? गडचिरोली जिल्ह्यातलं धानोऱ्याजवळचं गोंड गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. २००९ मधे त्यांना अठराशे हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ मधे बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, त्यानंतर बांबू विकून आलेला पैसा गावात राहायला लागला. तिकडं क्रेफिश इकडं बांबू. लहान गाव टिकतं ते अनुदानावर नाही, जे आसपास आहे त्याच्यावर त्याचा हक्क असला आणि ओरबाडायचं नाही हे त्यानंच ठरवलेलं असलं तर टिकतं. उलट मेळघाटात बघा, व्याघ्र प्रकल्पासाठी पुनर्वसन करून बाहेर आणलेल्या काही गावांची माणसं २०१९ मधे पुन्हा जंगलात जाऊन बसली, जमीन नाही दवाखाना नाही म्हणून, आणि तिथं संघर्ष झाला.

मी भामरागड तालुक्यात मास्तर होतो. पर्लकोटा नदीला पूर आला की जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जायचा आणि पलीकडची गावंच्या गावं बेटं होऊन जायची. दुकानात मीठ आणि तेल संपायचं, खाटेवर पेशंट घेऊन आलेली माणसं काठावर पाणी उतरायची वाट बघत उभी असायची. एका पावसाळ्यात एक बाई तशीच काठावर बाळंत झाली, लुगड्याचा आडोसा करून. त्या गावच्या लोकांना मी विचारायचो, अहिरीला जाऊन राहता का, तर म्हणायचे गुरुजी पूल मागा, घर नका मागू. हे उत्तर मला आजही बरोबर वाटतं.

ट्रिस्टनमधे सगळं गोडगोड आहे असं म्हणत नाही. शाळा साधारण सोळा वर्षांपर्यंत, पुढच्या शिक्षणाला बाहेर, आणि गेलेली सगळी मुलं परत येत नाहीत, म्हणून गाव म्हातारं होत चाललंय. बंदर एवढंसं, मोठी बोट बाहेर उभी राहते आणि समुद्र शांत असला तरच सामान उतरतं. एकाच मालावर पोट असण्याचा धोका वेगळाच. २००८ मधे कारखाना जळला. २०११ मधे ब्राझीलहून आलेलं साठ हजार टनांवर सोयाबीन भरलेलं जहाज शेजारच्या नाइटिंगेल बेटावर आदळलं, तेलानं पेंग्विन माखले, सोयाबीन समुद्राच्या तळाशी सडलं आणि तिथली मासेमारी बंद ठेवावी लागली. आपल्याकडं सोयाबीनचा भाव पडला की शेतकरी रडतो, तिकडं दुसऱ्याच्याच सोयाबीननं पोटावर पाय आणला. तरी त्या लोकांनी आधी पेंग्विन धुवायला घेतले. २०२० मधे याच बेटानं भोवतीचा जवळजवळ सात लाख चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित केला, स्वतःपुरती मासेमारीची जागा ठेवून. एवढीशी वस्ती, पण केवढ्या समुद्राची राखण करते बघा. हिचा खर्च काढणाऱ्यांनी तिच्या या कामाचाही हिशोब धरावा.

संपादकसाहेब, दूरच्या गावावर पुढचा लेख करताना पत्रकाराला गडचिरोलीतही पाठवा. पावसाळ्यात पाठवा, डिसेंबरमधे नको. आणि तिथल्या दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना विचारायला सांगा की गावात राहायला तुम्हाला काय काय पाहिजे, मोबाइलचं टॉवर, बांबूचा भाव, नर्स, पूल, जे सांगतील ते जसंच्या तसं छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर